मुरलेली बिअर आणि मुरलेला माणूस

मंडळी, आपल्याकडे थोर माणसाची जयंती म्हटली की हार, नारळ, भाषण आणि शेवटी पेढा असा क्रम ठरलेला. अमेरिकेत मात्र २००६ साली एका राष्ट्रपुरुषाची तीनशेवी जयंती चक्क बिअर गाळून साजरी झाली! हे राष्ट्रपुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवरून आपल्याकडे शांतपणे पाहणारे, टक्कल पडलेले, लांब केसांचे आजोबा. अमेरिकेतील बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यानिमित्त एक स्पर्धा घेतली. फ्रँकलिन यांच्या काळात जशी बिअर मिळत असेल तशी बिअर बनवण्याची कृती त्यांनी मागवली आणि कोलोरॅडोच्या टोनी सिमन्स यांची कृती निवडली. तिला नाव दिले 'पुअर रिचर्ड्स एल'. १७ जानेवारी २००६ च्या सुमारास देशभरातल्या शंभराहून अधिक लहान-मोठ्या ब्रूअरींनी ती बनवली, आणि घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांनीही आपापल्या गॅरेजमध्ये पातेली चढवली.

आता आपल्यापैकी अनेकांच्या घरात दारूचा विषय निघाला की आजही आई-आजीच्या कपाळाला आठी पडते. ती पडू द्या. हा लेख पिण्याविषयी नाही. एका पिंपातून अमेरिकेचा इतिहास कसा डोकावतो आणि त्या इतिहासात आपल्यासारख्या परदेशी आलेल्यांची जागा कुठे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी ही 'जुनी एल' म्हणजे काय ते पाहू. फ्रिजच्या आधीच्या काळात उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास नासत असे. म्हणून इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या थंडीत जास्त धान्य घालून कडक बिअर करत आणि लाकडी पिंपात महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षे ठेवत. लोणचे जसे मुरते तशी ती मुरे. हॉप्सचा कडूपणा उतरे, थोडी आंबट झाक येई, रंग गडद होई. त्या काळी इंग्रजीत बिअरला 'स्टेल' म्हणणे ही शिवी नव्हती. तसे म्हणणे म्हणजे चांगली मुरलेली, आणि म्हणून महाग. गुत्त्यात अशी जुनी बिअर आणि ताजी बिअर मिसळूनही देत.

करण्याची रीत आपल्या घरातल्या बायकांना ऐकूनच कळेल. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ना, तसेच जवाला मोड आणून, वाळवून, कमी-जास्त भाजून माल्ट करतात. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. गोड पाणी गाळून घ्यायचे, हॉप्सची वाळलेली फुले घालून तास-दीड तास उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून आंबत ठेवायचे. इडलीचे पीठ फुगवणारी किमया इथेही तीच, फक्त दिवस जास्त लागतात. 'पुअर रिचर्ड्स एल'मध्ये जवाबरोबर मका आणि मोलॅसिस म्हणजे साखर कारखान्यातली मळी पडते. वसाहतींमध्ये चांगल्या माल्टचा तुटवडा असे. मका इथला, आणि मोलॅसिस कॅरिबियन बेटांवरून स्वस्तात येई. हाताशी जे होते त्यावर भागवायचे, ही परदेशी आलेल्यांची जुनीच युक्ती. पुरणपोळीसाठी चणाडाळीऐवजी पिवळी स्प्लिट पीज शिजवणाऱ्या आपल्या पहिल्या पिढीला ती वेगळी सांगायला नको.

घरी बिअर करण्याचा हा हक्कही फार जुना नाही बरे! १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, पण बिअर कायद्यातून राहूनच गेली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे संघराज्याच्या पातळीवर घरगुती बिअर कायदेशीर झाली. एका सज्ञान माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक सज्ञान असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी तर परवानगी द्यायला २०१३ साल उजाडवले.

आता या साऱ्यातली गंमत सांगतो. ज्यांच्या नावाने ही बिअर गाळली, ते तरुणपणी बिअर नाकारण्यासाठीच प्रसिद्ध होते! १७२४ च्या अखेरीस अठरा वर्षांचा बेन लंडनला पोचला आणि छापखान्यात कामाला लागला. वॉट्स यांच्या छापखान्यात पन्नासएक कामगार होते, आणि बेन सोडून सारे बिअरबहाद्दर. त्यांच्या दिमतीला गुत्त्याचा पोऱ्या दिवसभर हजर असे. बेनचा एक सोबती न्याहारीपूर्वी एक पाइंट घेई, न्याहारीबरोबर एक, न्याहारी आणि जेवणाच्या मध्ये एक, जेवताना एक, संध्याकाळी सहाला एक आणि काम संपल्यावर एक. अंगात ताकद यायला कडक बिअर हवीच, अशी त्याची श्रद्धा. बेनने हिशेब मांडला. बिअरमध्ये ताकद असेल तर ती त्यात विरघळलेल्या जवाची, आणि एका पेनीच्या पावात त्याहून जास्त पीठ असते. मग पाव खा आणि वर पाणी प्या! बाकीचे कामगार खिळ्यांचा एक जड साचा दोन्ही हातांनी उचलून जिना चढत, तेव्हा हा पाणी पिणारा पोरगा दोन हातांत दोन साचे नेई. त्या सोबत्याच्या पगारातून मात्र दर शनिवारी चार-पाच शिलिंग गुत्तेवाल्याच्या खिशात जात.

पुढे बेनने काही जणांना न्याहारीला गरम पेज घ्यायला लावले. पातळ पेज, त्यात लोणी, मिरपूड आणि पावाचा चुरा. किंमत एका पाइंट बिअरइतकीच, म्हणजे दीड पेनी. पोट भरलेले आणि डोके जागेवर! कोकणातल्या माणसाने हे वाचले तर तो म्हणेल, यात नवे ते काय?

पण फ्रँकलिन हे कर्मठ दारूबंदीवाले नव्हते. मित्रमंडळीत बसून वाइन घेणे त्यांना आवडे. स्वतःसाठी लिहिलेल्या तेरा सद्गुणांच्या यादीत पहिला होता संयम. मद्यपान करू नका असे त्यात नव्हते, झिंगेपर्यंत पिऊ नका असे होते. टी-शर्टवर त्यांच्या नावाने बिअरची थोरवी सांगणारे एक वाक्य सर्रास छापलेले दिसते. ते त्यांचे नाही. फ्रान्समध्ये असताना आबे मोर्ले या मित्राला लिहिलेल्या गमतीदार पत्रात त्यांनी पाऊस, द्राक्षवेल आणि वाइन यांच्याविषयी तसे काहीसे म्हटले होते. वाइनची कोणीतरी बिअर केली!

'पुअर रिचर्ड' हे नाव त्यांच्या पंचांगाचे. १७३३ सालासाठी त्यांनी ते पहिल्यांदा काढले आणि पंचवीस वर्षे चालवले. वर्षाला दहा हजार प्रतींपर्यंत खप जाई. तिथ्या, हवामान, चंद्रोदय आणि मधल्या रिकाम्या जागेत सुवचने. आपल्या घरातल्या भिंतीवर 'कालनिर्णय' जसे असते तसे ते पेनसिल्व्हेनियातल्या घराघरांत होते. आणि त्यांचे मंडळसुद्धा होते. १७२७ साली त्यांनी कारागीर मित्रांना जमवून 'जंटो' नावाचा कट्टा सुरू केला. दर शुक्रवारी संध्याकाळी, सुरुवातीला एका गुत्त्यात, ही मंडळी जमत आणि वाद घालत. त्यातूनच १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय निघाले. पन्नास सभासद, चाळीस शिलिंग प्रवेशवर्गणी आणि दरसाल दहा शिलिंग. आपल्या मंडळाच्या खजिनदारांना हे आकडे वाचून भरून येईल!

इथवर सारे गोड आहे. पण पिंपाच्या तळाशी गाळही असतो, आणि जयंती साजरी करताना तो दाखवायचा की नाही हा खरा प्रश्न आहे.

मोलॅसिसचेच घ्या. ते कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून येई, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालत. याच मोलॅसिसवर ब्रिटिशांनी १७३३ आणि १७६४ मध्ये कर लादले आणि वसाहतींतला असंतोष वाढला. जॉन अ‍ॅडम्स यांनी तर म्हातारपणी लिहून ठेवले की अमेरिकन स्वातंत्र्यात मोलॅसिसचा मोठा वाटा आहे. म्हणजे एकाच घोटात स्वातंत्र्य आणि गुलामी दोन्ही. फ्रँकलिन यांच्या घरातही गुलाम होते, आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात.

दुसरी गोष्ट तर थेट आपल्याला भिडणारी. फ्रँकलिन यांचे वडील स्वतः इंग्लंडहून आलेले. तरीही १७५१ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मन लोकांविरुद्ध तक्रार मांडली. हे लोक आपापले कळप करून राहतात, आपली भाषा आणि चालीरीती सोडत नाहीत, उद्या आपल्यालाच जर्मन करून टाकतील, अशी त्यांची भीती. त्याच निबंधात आशियातले लोक बहुतेक सावळे आहेत अशी नोंद करून, इथे गोऱ्यांचीच वाढ व्हावी असेही सुचवले. शनिवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत नेणाऱ्या आपण पालकांनी ही भीती कुठे ना कुठे ऐकलेली आहे. कधी सुपरमार्केटच्या रांगेत, कधी टीव्हीवर.

त्या शब्दांची किंमत त्यांना मोजावी लागली. १७६४ च्या निवडणुकीत विरोधकांनी तो मजकूर उकरून जर्मन मतदारांपुढे ठेवला आणि फ्रँकलिन यांची प्रांतिक सभेतली जागा गेली. आणि जर्मनांचे काय झाले? त्यांनी कोणाला जर्मन केले नाही. पण एकोणिसाव्या शतकात त्यांच्याच भाऊबंदांनी लागर बिअर आणली आणि इंग्रजी धाटणीच्या एलला मागे टाकून अख्ख्या देशाला ती प्यायला लावली. आज 'अमेरिकन बिअर' म्हणून जी ओळखली जाते ती त्या परक्यांची देणगी आहे.

पण फ्रँकलिन तिथेच थांबले नाहीत, आणि म्हणूनच ते मला मोठे वाटतात. १७६३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेला भेट दिल्यावर त्यांनी पत्रात मान्य केले की या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांइतकीच आहे. १७८७ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी लँकेस्टरमध्ये जर्मन वस्तीसाठी इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत शिकवणारे कॉलेज निघाले, तेव्हा त्यासाठी २०० पौंडांची देणगी त्यांनी दिली. ते कॉलेज त्यांच्याच नावाने सुरू झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवण्याच्या मागणीचा अर्ज त्यांच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने तो बाजूला सारला. १७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन वारले.

या गोष्टीचा एक धागा थेट पुण्याला पोचतो. १७७४ मध्ये लंडनमध्ये फ्रँकलिन यांनी एका कफल्लक इंग्रजाला शिफारसपत्र देऊन अमेरिकेला पाठवले. त्याचे नाव टॉमस पेन. पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक तरुण जोतीराव फुले यांच्या हाती पडले आणि त्यांच्या विचारांना धार आली. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. त्याच जोतीरावांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला होता, हेही इथे सांगायला हवे. त्यामुळे त्यांच्या नावाने कोणी पिंप चढवू नये!

आपल्या मुलांना शाळेत फ्रँकलिन शिकवतात ते पतंग, वीज आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरची सही एवढेच. त्या जाहीरनाम्याला २०२६ साली २५० वर्षे होतात. आपण घरी मुलांना उरलेली गोष्ट सांगू शकतो. थोर माणूस चुका करतो, आपल्यासारख्यांविषयी वाईटही लिहितो, आणि तरी म्हातारपणी आपले मत बदलण्याइतके मन मोकळे ठेवू शकतो. आपल्या राष्ट्रपुरुषांविषयी बोलतानाही हा मोकळेपणा आपल्याला थोडा उपयोगी पडेल असे मला वाटते.

बिअर करणारे येत्या १७ जानेवारीला करोत. ज्यांच्या घरात ती चालत नाही, त्यांनी त्या सकाळी पातळ पेज करावी, वर लोण्याचा गोळा आणि मिरपूड घालावी, आणि मुलांना सांगावे की हीच त्या नोटेवरच्या आजोबांची न्याहारी होती. लंडनच्या छापखान्यात त्यांनी शिफारस केली होती ती तिचीच.