न खपलेल्या नांगराची गोष्ट

🧵 थ्रेड

बेळगावच्या एका छोट्या कारखान्यात १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. पहिले गिऱ्हाईक मिळायला मात्र जवळजवळ दोन वर्षे गेली. पुढे देशभर पोहोचलेल्या किर्लोस्कर उद्योगाचा पाया या दोन वर्षांत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानात आल्यावर रंग सुटले आणि यांत्रिक रेखाटन हाती आले. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी परतले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ पासूनचे सायकलींचे दुकान होते. दुकानावर पाटी होती 'किर्लोस्कर ब्रदर्स'.

सायकली विलायतेत बनत, इथे फक्त विकल्या जात. स्वतः घडवलेला पहिला माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. जनावरे कडब्याचा कोवळा भाग खातात आणि जाड बुडखे तुडवतात. तुकडे केले की वैरण वाचते. हा फायदा शेतकऱ्याला गोठ्यात उभ्या उभ्या दिसत होता.

नांगराचे तसे नव्हते. मुळात लोखंडी नांगराची कल्पना लक्ष्मणरावांची नव्हेच; विलायती नांगर आधीपासून येत होते. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती उलटी पाडतो, म्हणून हरळी-कुंद्याची खोल मुळे वर येतात. पण लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत पसरली होती. ही हकीकत आज हसत सांगितली जाते. त्यात शेतकऱ्यावर थोडा अन्यायच होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी दख्खनमधले पशुधन खंगले होते, आणि जड नांगराला बैलांच्या जास्त जोड्या लागतात. कर्जात रुतलेल्या माणसाने न पाहिलेल्या अवजारावर पैसे का घालावेत? विषाच्या समजुतीआड हाही हिशेब असणारच. तो चुकवणारी जाहिरात नव्हती. कुणाच्या तरी शेतात नांगर चालावा आणि शेजाऱ्याने बांधावरून पीक पाहावे, एवढाच उपाय होता. त्याला हंगाम लागतात.

खप वाढू लागला तोच १९१० च्या सुमारास बेळगाव नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. यंत्रे आहेत, कारागीर आहेत, पण छप्पर नाही. इथे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाने कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीनही. ती ३२ एकर जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग यांचे माळरान. सुमारे २५ कामगार कुटुंबांसह तिथे राहायला आले. रात्रीच्या रखवालीवर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली. भोळेपणा म्हणा किंवा पारख; वसाहत टिकली.

पहिल्या महायुद्धाने एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. विलायती नांगर येईनासे झाले आणि मागणी वाढली. पण कच्चे लोखंड आणि कोळसा हेही मिळेनात. भट्टीत लाकूड जाळावे लागले, मोडीचे लोखंड वितळवावे लागले. पन्हाळगडावरच्या निकामी तोफा शाहू महाराजांनी नांगरांसाठी दिल्याची हकीकत याच काळातली म्हणून प्रसिद्ध आहे.

१९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड'ची नोंदणी झाली. भावांच्या दुकानाचे नाव तेच राहिले, फक्त मालकी आता भागधारकांतही वाटली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे ते मराठीतले एक प्रमुख मासिक बनले. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.

कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव नंतर बदलले. आज तिथल्या फलकावर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.