दरडी आणि पावसाळी डोंगरवाटा (ठाणे व उत्तर सह्याद्री)

डोंगरउतारावरची माती, मुरूम किंवा कातळ एकाएकी सुटून वेगाने खाली येणे म्हणजे दरड कोसळणे. हिमालयात हिवाळी भटकंती करणाऱ्यांना हिमस्खलनाचा धोका असतो, तसा सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना दरडीचा. ठाणे परिसरातही अशा डोंगरवाटा जवळच आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतचे मानपाडा येऊरच्या डोंगरपायथ्याशी वसलेले असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली मानपाडा निसर्गवाट येथेच आहे. डोंबिवलीचे याच नावाचे मानपाडा सपाटीवर असले तरी मलंगगडाची रांग तेथून जवळ पडते. माहुली, गोरखगड, नाणेघाट, माळशेज या ठाणे-कल्याणकरांच्या नेहमीच्या वाटाही याच डोंगररचनेत येतात.

भूरचना : सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. टणक बेसाल्ट आणि त्यामधले मऊ, भेगाळ किंवा तांबड्या मातीचे पट्टे एकावर एक रचलेले आहेत. कड्यांखालच्या पदरावर आणि उतारांवर झिजलेल्या मुरमाचा व मातीचा थर साठतो. पावसाचे पाणी या थरात मुरते, पण खालच्या अखंड कातळापाशी अडते. साठलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते, कणांमधला दाब वाढून त्यांची पकड सैल होते आणि अखेर सगळा थर कातळावरून घसरतो. रस्त्यासाठी उताराचा पाया कापला, झाडोरा काढला किंवा ओढ्याची वाट बुजवली, तर ही वेळ लवकर येते.

पाऊस आणि काळ : नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबई-ठाण्यात साधारण ११ जूनला पोहोचतात. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावर कोकणपट्टीहूनही जास्त पाऊस पडतो. त्यामुळे ठाण्यात रिमझिम असताना माळशेजच्या माथ्यावर मुसळधार असू शकते. मोठ्या दरडींच्या तारखा पाहिल्या तर एक गोष्ट ठळक दिसते : भाजे (१९८९), महाड तालुक्यातील जुई व दासगाव (२००५), माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या सर्व दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोवर महिनाभराच्या पावसाने उतार चिंब भिजलेला असतो आणि त्यावर दोन-तीन दिवसांची झड पुरेशी ठरते. दरडीचा अंदाज घेताना म्हणून आजच्या आभाळाइतकाच गेल्या काही दिवसांच्या पावसाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

प्रमुख घटना : माळीण (ता. आंबेगाव, जि. पुणे) येथे दीडशेच्या आसपास, तर तळिये (ता. महाड, जि. रायगड) येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडी (ता. खालापूर, जि. रायगड) ही इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरवाडी गिर्यारोहकांच्या रोजच्या वाटेवर होती. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने सांगितले. रात्री दरड आली. वर गाडीरस्ता नसल्याने यंत्रसामग्री पोहोचू शकली नाही आणि बचावकार्य बहुतांशी कुदळ-फावड्यांनी करावे लागले. ही वाडी संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. एखाद्या जागेचे नाव यादीत नाही म्हणून ती सुरक्षित मानू नये, हा या घटनेचा सर्वांत कठोर धडा आहे. ठाणे शहरातही १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला.

हिमस्खलनाशी साम्य व भेद : दोन्हींत थरांची रचना निर्णायक असते. बर्फाचा कमकुवत थर दबला की वरचा थर घसरतो, सह्याद्रीत हेच काम भिजलेला मुरूम करतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि बळी गेलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत तो थर त्यांच्या स्वतःच्या किंवा साथीदारांच्या वजनानेच सुटलेला असतो. दरड मात्र पाण्यामुळे सुटते. तेथे चालणाऱ्याचे कौशल्य तिला थोपवू शकत नाही. दिवस कोणता आणि वाट कोणती, एवढीच निवड त्याच्या हाती असते.

इशारे : भारतीय हवामान विभाग २४ तासांतील ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अतिमुसळधार मानतो. त्यापुढचा पाऊस त्याहून वरच्या श्रेणीत जातो. पिवळा, नारिंगी व लाल हे इशारे जिल्हानिहाय असतात. त्यांत एखाद्या विशिष्ट घळीचा किंवा कड्याचा अंदाज नसतो. मुंबईत कुलाबा व वेरावली येथील डॉप्लर रडारांवरून ढगांची ताजी हालचाल पाहता येते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे व धरण परिसरात जमावबंदीचे आदेश काढतात. ते मोडून जाणारा स्वतःबरोबर बचाव करणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

धोक्याची चिन्हे : जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, पूर्वी कोरड्या असलेल्या उतारातून झरे फुटणे, ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे. पाऊस चालू असताना ओढा एकाएकी आटला तर वर कोठेतरी तो अडला असण्याची शक्यता असते. तो बांध फुटताच चिखल-दगडांचा लोंढा येतो.

खबरदारी : सलग मुसळधार पावसानंतर नाळेची किंवा घळीची वाट टाळून डोंगराच्या सोंडेवरची वाट घ्यावी. नाळेतून जाणे भागच असेल तर एकामागोमाग थेट खाली-वर राहू नये. पायाखालचा दगड सुटल्यास खालच्यांना ओरडून सावध करावे. तंबू ओढ्याकाठी किंवा घळीच्या तोंडाशी लावू नये. पाणी वाढल्यास ओढा ओलांडण्याऐवजी ते ओसरेपर्यंत थांबावे. भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाढत्या प्रवाहात वाहून गेले. लोंढा येताना दिसला तर त्याच्या दिशेने खाली न पळता बाजूला, उंचावर जावे. निघण्यापूर्वी मार्ग व परतीची वेळ घरी सांगावी आणि पायथ्याच्या पाड्यावर चौकशी करावी, कारण गेल्या चार दिवसांचा पाऊस तेथल्या माणसांनी पाहिलेला असतो.

बचाव : आपत्तीत ११२ वर संपर्क साधता येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशा संस्थांचे स्वयंसेवक दुर्गम जागी धावून जातात. तरीही चिखलाखाली श्वासापुरती पोकळी क्वचितच उरते आणि मदत पोहोचायला तास लागतात. म्हणून गड पुढच्या आठवड्यासाठी ठेवण्याचा पायथ्याशी घेतलेला निर्णय हाच दरडीपासूनचा सर्वांत खात्रीचा बचाव आहे.