कॅप्टन उत्तर देत नाहीत

शुक्रवार, २७ ऑगस्ट २०२१. सकाळ, मस्कत
बिमान बांगलादेशचं बोइंग ७३७-८०० ढाक्याला निघालं. फ्लाइट बीजी ०२२, आत सव्वाशेच्या आसपास प्रवासी. कॅप्टन नौशाद अताउल कय्यूम. २०१६ मध्ये मस्कतहूनच निघालेल्या त्यांच्या एका विमानाचा टायर फुटला होता आणि त्यांनी ते ढाक्यात सुखरूप उतरवलं होतं. म्हणजे ऐनवेळी डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस.

अकराच्या सुमारास, रायपूरजवळ
आखातातून पूर्वेकडे जाणारी विमानं नागपूर, गोंदिया, बालाघाटच्या पट्ट्यावरून जातात. हिवाळ्यात त्यांची पांढरी रेघ वैनगंगेच्या काठावरूनही दिसते. ऑगस्टच्या ढगांत काहीच दिसत नाही. बीजी ०२२ हा टापू मागे टाकून रायपूरजवळ पोचलं होतं, तेव्हा कॅप्टनना हृदयविकाराचा झटका आला.

पुढची काही मिनिटं
अशा वेळी काय करायचं ते वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये घोटून घेतलेलं असतं. शेजारच्याला हाक मारायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही उत्तर नाही, की मोठ्याने सांगायचं, विमान आता माझ्या ताब्यात. तिसऱ्या हाकेची वाट पाहायची नाही. ऑटोपायलट चालू आहे ना ते बघायचं, केबिन क्रूला आत बोलवायचं. त्यांचं पहिलं काम उपचाराचं नाही, शरीर आवरण्याचं: खांद्याचे पट्टे आवळायचे, सीट मागे सरकवायची. ७३७ मध्ये विमान चालवायचा दांडा वैमानिकाच्या मांड्यांसमोरच असतो. बेशुद्ध माणूस पुढे कलंडला तर त्याचं सगळं वजन त्या दांड्यावर येतं.

हे वाचायला निष्ठुर वाटेल, पण कॉकपिटमधल्या या शिस्तीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोहून उडालेलं ट्रायडंट विमान तीन मिनिटांच्या आत स्टेन्सजवळ कोसळलं. ११८ माणसं होती, एकही वाचलं नाही. कॅप्टनचं हृदय आजारी होतं, आणि त्या दुखण्याने त्यांच्या निर्णयशक्तीवर परिणाम झाला असावा असं चौकशीत निघालं. वेग पुरेसा नसताना पंखांच्या पुढच्या कडा आत घेतल्या गेल्या आणि ती चूक कुणी वेळेत पकडली नाही. माणूस धाडकन कोसळला तर निदान कळतं तरी. तो खुर्चीत ताठ बसून चुकू लागला तर शेजारच्या ज्युनियरने बोलायचं कधी? मला हा प्रश्न हार्ट अटॅकपेक्षा भीतीदायक वाटतो.

बीजी ०२२ मध्ये तो प्रश्न आलाच नाही. सहवैमानिकाने ताबा घेतला आणि कोलकात्याच्या हवाई वाहतूक नियंत्रणाला (एटीसी) आणीबाणी कळवली. तिथून सल्ला आला: नागपूर.

विमान वळतं
रायपूर तर खालीच होतं, मग नागपूर का? तर जेट विमानाचं जवळ-लांब वेगळं असतं. पस्तीस हजार फुटांवरून रीतसर उतरायला दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. पायाखालच्या धावपट्टीसाठी वर घिरट्या घालाव्या लागतात. रायपूर ते नागपूर हे अंतर त्या उताराला पुरतं. शिवाय नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर ३,२०० मीटरची धावपट्टी आहे आणि शहरात मोठी हॉस्पिटलं. बालाघाटचा अवघड पेशंट गोंदियाहून ‘नागपूरला न्या’ म्हणून पुढे धाडतात, तसंच हे झालं, फक्त ॲम्ब्युलन्सऐवजी बोइंग.

या अर्ध्या तासात विमानात दोन घड्याळं चालू होती. प्रवाशांचं घड्याळ दर मिनिटाला सोपं होत गेलं, कारण एकट्याने विमान उतरवणं हे सहवैमानिकाला शिकवलेलंच असतं. कॅप्टनचं घड्याळ उलटं चाललं होतं. त्यांना हवी असलेली कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्या उघडायची खोली, जमिनीवर होती, आणि विमान यापेक्षा लवकर जमिनीवर आणता येत नव्हतं.

११.४०, सोनेगाव
विमान टेकलं. प्रवाशांपैकी कुणाला ओरखडा नाही. कॅप्टनना किंग्सवे हॉस्पिटलमध्ये नेलं.

रात्र
ढाक्याहून बदली कर्मचारी आले आणि तेच विमान, तेच प्रवासी घेऊन गेले. कॅप्टन मागे राहिले, व्हेंटिलेटरवर.

सोमवार, ३० ऑगस्ट
नौशाद कय्यूम यांचं नागपुरातच निधन झालं. व्यवस्थेने विमान वाचवलं. ती बांधलेलीच त्यासाठी आहे: एक माणूस गेला तरी उड्डाण पुरं व्हावं यासाठी. वैमानिकांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते, ईसीजी निघतो, शिक्का बसतो. पण धमनीत उद्या काय होईल, हे ईसीजीला आज दिसतंच असं नाही.

१७ ऑगस्ट २०२३, पुन्हा नागपूर
दोन वर्षांनी याच विमानतळावर, दुपारच्या पुणे फ्लाइटच्या बोर्डिंग गेटपाशी इंडिगोचा एक कॅप्टन कोसळला. वय चाळीस. त्यालाही किंग्सवेतच नेलं. तो वाचला नाही. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सातच्या दरम्यान त्याने तिरुवनंतपुरम–पुणे–नागपूर अशी उड्डाणं केली होती. मध्ये सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं. कोसळला त्या दिवशी त्याच्या नावावर चार उड्डाणं होती, पुण्याचं हे पहिलं.