तारेवरचा बर्फ

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रातून निघालेल्या 765 किलोव्होल्टच्या तारा धानाच्या बांध्यांवरून पश्चिमेकडे जातात. त्यांना भीती उन्हाळ्यातल्या वादळाची आणि विजेची. बर्फाच्या भाराने तार तुटते, हे आपल्या मुलांना सांगितलं तर ती हसतील.

जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतात पाच-सहा दिवस पावसाने पाठ सोडली नाही. वर उबदार हवा, जमिनीलगत शून्याखालची. थेंब पाणी म्हणूनच खाली येई आणि तारेला टेकताच गोठे. तारेभोवती थरावर थर चढत गेले. एक मनोरा कोसळला की त्याच्या ओढीने पुढचा, मग त्याच्या पुढचा. हजारो लाकडी खांब आडवे झाले, दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली, काहींकडे ती महिनाभर आली नाही. मदतीला 15,000 हून जास्त सैनिक उतरवावे लागले. तेव्हा रमजान चालू होता. मॉन्ट्रियलमध्ये कित्येक घरांत इफ्तार मेणबत्तीवर झाला असेल. (फारसीत ‘तार’ म्हणजे तंतू, आणि ‘तार’ म्हणजे काळोखही.)

हायड्रो-क्विबेकने त्यानंतर ठरावीक अंतरावर जास्त मजबूत मनोरे उभे केले, म्हणजे पडझड तिथेच थांबावी. दुसरा उपाय जुनाच होता: तारेतून मोठा प्रवाह सोडून ती तापवायची. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. पण लांब, जाड तारांना उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाने तापवणं फार महाग पडतं. म्हणून लेवी इथे एकदिश प्रवाह देणारं यंत्र बसवलं. त्याच्या पोटात थायरिस्टर आहेत, आणि ते आपल्याला परके नाहीत. 1999 पासून चंद्रपूरची वीज 752 किलोमीटरवरच्या पडघ्याला त्यांच्याच जोरावर जाते. तिथे काम वीज पोचवण्याचं, इथे बर्फ वितळवण्याचं.

भारतात हा विषय झोजिलात येतो. 3 फेब्रुवारी 2019 ला श्रीनगर–लेह या 220 किलोव्होल्टच्या वाहिनीचं उद्घाटन झालं आणि द्रास, कारगिल, लेह देशाच्या जाळ्यात आले. म्हणजे तिरोड्याच्याच जाळ्यात. त्याआधी हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटलं की तिथली जलविद्युत घटे आणि डिझेलच्या जनित्रांवर भागवावं लागे, तेही ऐन कडाक्याच्या थंडीत. मात्र झोजिलातला मोठा धोका गोठणाऱ्या पावसाचा नाही, कोसळणाऱ्या हिमकड्यांचा आहे. तिथे तार तापवून काय होणार? मनोरा कुठे रोवायचा, यावरच सगळं अवलंबून. आणि रस्ता बर्फाखाली असताना तार तुटलीच, तर दुरुस्तीची माणसं तिथवर पोचवायची कशी, याला लेवीच्या यंत्राकडे उत्तर नाही.