बॉलकडे बघ!

गोल्फ शिकवणारा माणूस स्कॉटलंडचा असो, कॅलिफोर्नियातला असो की पुण्यात येरवड्याच्या कोर्सवरचा, शिकाऊ गड्याचा फटका चुकला की त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, "बॉलकडे बघत नव्हतास." त्याचं जुळं भावंड म्हणजे "डोकं वर उचललंस." या दोन वाक्यांच्या जोरावर शंभराहून जास्त वर्षं हा खेळ शिकवला जातोय. ही वाक्यं आली कुठून आणि त्यात खरं किती, याचा शोध घेताना जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं माझ्या साडूंनी. निवृत्त झाल्यावर अमेरिकेत मुलाकडे राहताना ते गोल्फ शिकायला लागले. फोनवर त्यांचा एकच सूर: "अहो, मी डोळे फाडफाडून बॉलकडेच बघत असतो, तरी तो मास्तर म्हणतो बघत नाही! बासष्टाव्या वर्षी मी काय खोटं बोलणार?" मी स्वतः कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण एक माणूस म्हणतो बघितलं, दुसरा म्हणतो नाही बघितलं, आणि दोघेही प्रामाणिक आहेत, हे प्रकरण मला भारी वाटलं.

मुळात गोल्फमध्ये नजरेची गोची आहे ती अशी. क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, नजर आपोआप त्याच्याकडे ओढली जाते. गोल्फचा बॉल गप पडून असतो. जिथे मारायचं ते ठिकाण डाव्या खांद्याच्या पलीकडे दोनशे मीटरवर, आणि नजर पायांपुढच्या गवतावर. आपल्याकडे अर्जुनाच्या नेमबाजीच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत त्याला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. दुसरीत तो खाली पाण्यातल्या प्रतिबिंबात बघून वरचा मासा भेदतो. गोल्फ ही दुसऱ्या गोष्टीच्या वंशातली आहे.

गोल्फच्या फटक्याबद्दल लिहून ठेवलेलं अगदी जुनं टिपण 1687 सालचं आहे. एडिंबरोतला टॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रोजनिशी लिहायचा. त्याने तलवारबाजाच्या पवित्र्यासारखं उभं राहावं, पाय थोडे वाकवावेत, पाठ-हाताचे स्नायू ताठ ठेवावेत, असं स्वतःपुरतं लिहून ठेवलं. पोरगं वैद्यकीचं, त्यामुळे त्याचा सगळा जीव स्नायूंत! पुढे 1857 मध्ये एच. बी. फार्नी यांनी टोपणनावाने गोल्फ शिकवणारं पहिलं पुस्तक काढलं. पण तोवर आणि त्यानंतरही बराच काळ बहुतेक लोक शिकले ते पुस्तकातून नव्हे. दुसऱ्याच्या काठ्या उचलणारी पोरं बघून बघून शिकायची, आणि मोठेपणी तीच मास्तर व्हायची. अशा मास्तरांजवळ शब्द थोडे असतात. "बॉलकडे बघ" हे त्यातलंच एक, सुटसुटीत आणि खोडून काढायला अवघड.

हॅरी वॉर्डनपाशी येऊन जरा थांबायला हवं. जर्सी बेटावरचा हा गरीब घरातला पोरगा ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. 1905 मध्ये 'द कम्प्लीट गोल्फर' हे त्याचं पुस्तक आलं. पत्ता सोडल्यापासून, म्हणजे काठी मागे नेऊ लागल्यापासून, बॉल निघून जाईपर्यंत डोकं जराही हलू द्यायचं नाही, यावर तो ठाम होता. पण त्याचबरोबर, बॉल खड्ड्यात रुतला असेल तर नजर बॉलवर न ठेवता त्याच्या मागच्या जमिनीवर ठेवावी, असंही तो सांगतो. म्हणजे काठी जिथे उतरायला हवी, तिथे नजर. हा बदल छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. डोळ्यांचं काम बॉल 'बघणं' नसून शरीराला जागा दाखवणं आहे, हे त्याच्या मनात कुठेतरी होतं.

1932 मध्ये अमेरिकेतल्या ॲलेक्स मॉरिसनने डोळ्यांचा विषय हनुवटीवर नेला. हनुवटी बॉलच्या किंचित मागच्या जागेकडे रोखा आणि बॉल निघून गेल्यावरही तिथेच राहू द्या, असं त्याचं सांगणं. मॉरिसनचा शिष्य हेन्री पिकार्ड, पिकार्डकडून शिकला जॅक ग्राउट, आणि ग्राउटकडे 1950 मध्ये ओहायोतल्या कोलंबस गावी आला दहा वर्षांचा जॅक निक्लॉस. गाण्यातल्या घराण्यासारखीच ही परंपरा. ग्राउटने काय करावं? फटका मारताना पोराचं डोकं हलू नये म्हणून त्याच्या सहाय्यकाने समोर उभं राहून निक्लॉसचे केस मुठीत धरायचे! डोकं हललं की केस ओढले जाऊन डोळ्यांत पाणी. हे निक्लॉसने स्वतःच 'गोल्फ माय वे' या 1974 च्या पुस्तकात सांगितलंय. पुढे त्याने अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यामुळे ही शिक्षा योग्य ठरली असं म्हणायला लोक मोकळे. मला आपलं त्या दहा वर्षांच्या पोराचंच वाईट वाटतं.

निक्लॉसची आणखी एक लकब होती. काठी मागे न्यायच्या आधी तो हनुवटी हळूच उजवीकडे वळवायचा. म्हणजे डोकं जागच्या जागी, पण वळलेलं. खांद्यांना फिरायला जागा मिळावी म्हणून. नुसतं "बॉलकडे बघ" म्हणून हनुवटी छातीत खुपसून बसणाऱ्याला नेमकी हीच जागा मिळत नाही.

आता थोडं गणित. 1968 मध्ये ॲलेस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 'सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे पुस्तक लिहिलं. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी या खेळाची केलेली चिरफाड त्यात आहे. काठी वरून खाली बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. काठी आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. आणि डोळ्याने काही बघून हाताला वेगळा हुकूम पोचायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. बेरीज-वजाबाकी करून बघा. काठी खाली यायला लागली की डोळ्याला काहीही दिसलं तरी त्याचा उपयोग करायला वेळच उरत नाही. जे काय ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं.

मग डोकं उचललं की फटका बिघडतो, हा अनुभव खोटा का? खोटा नाही, पण बहुतेक वेळा उलटा लावलेला आहे असं मला वाटतं. खाली येताना गुडघे ताठ झाले, कंबर पुढे सरकली, की सगळं धड वर येतं, काठी बॉलच्या डोक्यावरून घासत जाते, आणि धडाबरोबर डोकंही वर येतं. मास्तरला सगळ्यात ठळक दिसतं ते डोकं. ताप आला म्हणून थर्मामीटरला दोष द्यावा तसं ते होतं. साडू बॉलकडे बघत होते, मास्तरला डोकं वर दिसलं, दोघेही खरं बोलत होते. फक्त त्या वाक्याने साडू आणखी आखडून उभे राहायला लागले, आणि फटके आणखी बिघडले.

(फळाकडे बघू नकोस, हा गीतेतला सल्ला इथे आणायचा मोह होतोय, पण तो मान स्टीव्हन प्रेसफील्डने आधीच पटकावलाय. त्याच्या 1995 च्या 'द लीजंड ऑफ बॅगर व्हान्स' या गोल्फच्या कादंबरीत गीताच आहे. नायक आर. जुनुह म्हणजे अर्जुन, आणि काठ्या उचलणारा बॅगर व्हान्स म्हणजे भगवान. 2000 मध्ये त्यावर सिनेमाही आला. असो.)

ज्याला दिसतच नाही त्याचं काय? चार्ली बॉसवेल हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा गडी 1944 मध्ये जर्मनीत लढताना, जळत्या रणगाड्यातून सोबत्याला बाहेर काढताना स्फोटात आंधळा झाला. गोल्फ तो शिकला ते त्यानंतर, सैनिकी इस्पितळात. म्हणजे बॉलकडे बघून त्याने आयुष्यात एकही फटका मारलेला नव्हता. सोबतीचा माणूस काठीचं टोक बॉलच्या मागे टेकवून द्यायचा, दिशा आणि अंतर सांगायचा, बाकी सगळं बॉसवेलचं. अंधांची राष्ट्रीय स्पर्धा तो सोळा वेळा जिंकला.

आणि डोळे शाबूत असून बॉलकडे न बघणारेही आहेत. अमेरिकेचा डेव्हिड डुव्हल आणि स्वीडनची ॲनिका सोरेनस्टॅम, दोघांचंही डोकं काठी बॉलला लागायच्या आधीच लक्ष्याकडे वळू लागतं. चित्रफीत सावकाश चालवून बघितली तर स्पष्ट दिसतं. ॲनिकाची ही सवय मुद्दाम केलेल्या सरावातून आली. अंग मागेच अडकून राहू नये, फटक्याबरोबर मोकळं फिरावं, यासाठी. जानेवारी 1999 मध्ये डुव्हलने स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी 59 फटक्यांत फेरी पूर्ण केली. मार्च 2001 मध्ये फीनिक्सला ॲनिकानेही 59 केले, महिलांच्या एलपीजीए मालिकेतले पहिलेच. 59 हा आकडा गोल्फमध्ये काय आहे ते क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर, कसोटीत त्रिशतक समजा. दोघांचीही डोकी वळत होती, पण वर उचलली जात नव्हती. मणका जसाच्या तसा वाकलेला, मान तेवढी फिरलेली.

शेवटच्या हलक्या फटक्याचं, पटिंगचं, प्रकरण वेगळं आहे. तिथे घाई नसते आणि नजरेला काम करायला वेळ असतो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांवर यंत्र बसवून ते मोजलं आणि 1992 मध्ये प्रसिद्ध केलं. चांगल्या खेळाडूची नजर बॉलवर दोन-तीन सेकंद स्थिर असते, आणि बॉल गेल्यावरही क्षणभर त्या रिकाम्या जागेवर राहते. कच्च्या खेळाडूची नजर बॉल, काठी, भोक अशी भिरभिरते. म्हणजे जुन्या मास्तरांचा सल्ला जिथे खरा ठरतो ती जागा ही.

त्यालाही अपवाद निघालाच. 2015 मध्ये एकवीस वर्षांच्या जॉर्डन स्पीथने मास्टर्स जिंकली, तेव्हा अगदी जवळचे फटके तो बॉलकडे न बघता सरळ भोकाकडे बघत मारत होता. लांबच्या फटक्यांना मात्र त्याची नजर बॉलवरच असायची.