रात्री बाराचं जेवण

२०२३ साली मार्च-एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे टोकियोला महिनाभर राहून आलो. तेव्हापासून "अप्पा, जपानवर लिहा की काहीतरी" असा पुतण्या-भाच्यांचा तगादा चालू आहे. बुलेट ट्रेन, चेरीची फुलं आणि स्वच्छता या तिन्हींवर सगळ्यांचं लिहून झालंय. मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हणून मी लिहिणार आहे ते तिथल्या रात्री बारा वाजताच्या जेवणावर. हसू नका, त्यातही इतिहास आहे.

मुलगा राहतो त्या भागाचं नाव निशी-कासाई. एदोगावा नावाच्या वॉर्डात येतं. २००० सालच्या आसपास संगणकातली आपली मुलं तिथे जायला लागली, आणि आता तिथे रस्त्यात मराठी कानावर पडलं तर कोणी वळून बघत नाही. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. त्यांच्या मातोश्रींनी तिथे घरगुती जेवणाचं हॉटेल चालवलं. ते स्वतः पुढे २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. हे ऐकून मला झालेला आनंद जरा जास्तच होता, हे कबूल करतो.

तर झालं असं. पहिल्याच आठवड्यात मुलगा रात्री पावणेबाराला घरी आला. सूनबाईने ताट झाकून ठेवलेलं. आमची सौ. ते गरम करायला उठली, तर हा म्हणाला, "आई, राहू दे. स्टेशनवर खाऊन आलो. उभ्या उभ्या." झालं! सौ.चा चेहरा पडला. घरात पिठलं-भाकरी तयार असताना पोरगं परक्या गावात मध्यरात्री उभ्याने खातं, हे काही तिच्या पचनी पडेना. मलाही बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "मला ती जागा दाखव."

त्याने दाखवली. स्टेशनाच्या पोटात एक अरुंद गाळा, खुर्ची एकही नाही. दारातल्या यंत्रात पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची, ती आत द्यायची, की दोन मिनिटांत सोबाचा वाडगा समोर. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गरम कटात. त्या कटात सुक्या मासळीचा अर्क असतो म्हणून मी माळकरी माणूस नुसता बघत उभा राहिलो. (शेजारच्या दुकानातून आंबट फळ घातलेला भाताचा गोळा मिळाला. तो मात्र खाल्ला, चांगला लागला.) सात-आठ माणसं खांद्याला खांदा लावून खात होती. काळे कोट, गळ्यातले टाय सैल केलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पण जाताना प्रत्येक जण आतल्या म्हाताऱ्या आचाऱ्याला "गोचिसोसामा" म्हणत होता. मुलाने अर्थ सांगितला. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ करणं. पाहुण्यासाठी ज्याने धावपळ करून अन्न जमवलं, त्याची ही आठवण. मला एकदम आपल्या पंगतीतलं "अन्नदाता सुखी भव" आठवलं. आपण ते आता लग्नातसुद्धा म्हणत नाही, ही माणसं रात्री बारा वाजता स्टेशनवर म्हणतात.

मग मी मुलाच्या मागे लागून, पुस्तकं धुंडाळून, या वाडग्याचा इतिहास शोधला. तो असा.

टोकियोचं जुनं नाव एदो. एदोगावा या नावात ते अजून शिल्लक आहे. १६३५ साली शोगुनने नियम पक्का केला, की प्रत्येक सरदाराने आलटून पालटून एदोला येऊन राहायचं. सरदार आला की त्याच्याबरोबर शेकडो शिलेदार यायचे, बहुतेकांची बायकापोरं गावाकडेच. मग १६५७ ची भयंकर आग लागली, अर्ध्याहून अधिक शहर जळालं. ते पुन्हा बांधायला गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल लोटले. १७२१ मध्ये सामान्य रयतेची मोजणी झाली, तेव्हा पुरुष सव्वातीन लाखांच्या आसपास आणि बायका पावणेदोन लाखांच्या आसपास भरल्या. शिलेदार धरले तर अठराव्या शतकात हे शहर दहा लाखांच्या घरात गेलं असं मानतात. एवढे एकटे पुरुष, एकेका खोलीत राहणारे, लाकडी घरांत चूल पेटवायची धास्ती. यांनी जेवायचं कुठे?

उत्तर चालत दारात आलं. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन्ही टोकांना लाकडी खोकी, एकात शेवया आणि वाडगे, दुसऱ्यात कोळशाची शेगडी आणि कट, वर कागदी कंदील. हा सोबावाला अंधार पडला की निघायचा आणि रात्रभर फिरायचा. त्याच्या सोब्याला 'योताका सोबा' म्हणत. योताका म्हणजे रातवा पक्षी. रात्री रस्त्यावर पोट भरणाऱ्या बायकांनाही योताका म्हणत आणि त्याही त्याच्या गिऱ्हाईक होत्या. आगीच्या भीतीने १६८६ साली सरकारने रात्री विस्तव घेऊन फिरणाऱ्या शेवयावाल्यांवर बंदी घातली. पण भुकेपुढे हुकूम किती टिकणार? कावड फिरतच राहिली.

वाडग्याची किंमत ठरलेली, सोळा मोन. 'निहाची' म्हणजे दोन-आठ हे या सोब्याचं नाव. कोणी म्हणतं दोन भाग गहू नि आठ भाग कुट्टू म्हणून, कोणी म्हणतं बे अठ्ठे सोळा म्हणून! पाढे शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला दुसरं कारण जास्त आवडणार हे उघड आहे.

याच सोळा नाण्यांवर तिथे एक जुनी गोष्ट सांगतात, 'तोकी सोबा' नावाची. एक लबाड मध्यरात्री सोबा खातो, आचाऱ्याची तोंडभर स्तुती करतो आणि त्याच्या हातावर एकेक नाणं मोजायला लागतो. आठ झाल्यावर मध्येच विचारतो, "काय हो, किती ठोके झाले?" त्या काळी मध्यरात्रीला नऊ ठोके. आचारी म्हणतो, "नऊ." हा लगेच "दहा, अकरा..." करत सोळापर्यंत जातो. एक नाणं वाचलं! हे बघणारा एक बावळट दुसऱ्या रात्री तीच युक्ती करायला निघतो, पण घाईत जरा लवकर पोचतो. त्यांच्या पद्धतीत ठोके उलटे उतरत जायचे, मध्यरात्रीच्या आधीचा प्रहर चार ठोक्यांचा. हा आठ मोजून विचारतो, "किती ठोके?" आचारी म्हणतो, "चार." आणि हा भोळा "पाच, सहा..." असं सोळापर्यंत मोजत जातो. म्हणजे दिले किती? आठ आणि बारा, वीस! ही गोष्ट मी नातवाला सांगितली, तर त्याने ती मलाच जपानीत ऐकवली. त्याला ती आधीच माहीत होती.

आता मला अडवून ठेवणारी गोष्ट सांगतो. थंडीत शिनानो प्रांतात बर्फ पडतं, शेती बंद. मग तिथले शेतकरी चार-सहा महिने एदोला मजुरीला जायचे आणि हिवाळा सरला की परत फिरायचे. या घर सोडून मजुरीला जाण्याला जपानीत 'देकासेगी' म्हणतात. एदोचे लोक या थव्याने येणाऱ्या, भरपूर खाणाऱ्या खेडुतांना 'मुकुदोरी' म्हणून चिडवायचे. मुकुदोरी हा पक्षी म्हणजे आपल्या भोरडीचा भाऊबंद. भोरड्या आपल्याकडे ज्वारीवर थव्याने उतरतात, तोच हा गोत.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. कारण भोरड्यांचे थवे आपल्या रानात येतात, त्याच दिवसांत आपल्या बीड जिल्ह्यातली माणसं थव्याने बाहेर पडतात. ऊस तोडायला.

त्याकडे येतो, पण आधी टोकियोचं पुरं करू. १९४५ च्या पराभवानंतर तांदूळ नाही, शहर बेचिराख. स्टेशनांच्या बाहेर काळाबाजार भरायला लागला. १९४७ मध्ये हॉटेलांवर सरकारी बंदी आली, तरी अमेरिकेहून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया, म्हणजे रामेन, गाड्यांवर चोरून विकल्या जात. शिंजुकूची 'आठवणींची गल्ली' त्याच बाजारातून उभी राहिली. वजडीवर सरकारी नियंत्रण नव्हतं, म्हणून तिथे वजडी भाजून विकायला लागले, ती अजून विकतात. ओसाकातली रामेनची रांग मोमोफुकू आंदो यांच्या डोक्यात बसली, आणि १९५८ मध्ये त्यांनी गरम पाणी ओतून होणाऱ्या शेवया काढल्या. आपल्या 'दोन मिनिटांत' होणाऱ्या नूडल्सचं मूळ हे.

मग कारखाने नि कचेऱ्या वाढल्या, माणसं उशिरापर्यंत कामाला जुंपली गेली, आणि १९७५ पासून रात्रभर उघडी राहणारी छोटी दुकानं आली. सूनबाईने मला 'शिन्या शोकुदो' ही मालिका दाखवली, यारो आबे यांच्या चित्रकथेवरची. मध्यरात्री बाराला उघडून सकाळी सातला बंद होणारी खानावळ. पाटीवर एकच ताट, पण सामान असेल तर मालक मागाल ते करून देतो. आणि गिऱ्हाईक मागतं काय? लहानपणी आईने केलेलं काहीतरी. सौ. ते बघताना गप्प झाली होती.

ही रात्र आता आकसते आहे. काम करायला माणसं मिळत नाहीत. २०१७ मध्ये एका मोठ्या हॉटेल-साखळीने रात्रभराची सेवा बंद केली. करोनात २०२१ साली तर आठलाच दुकानं बंद करा अशी सरकारी विनंती होती. जी उघडी आहेत, त्यांच्या गल्ल्यावर नेपाळची, व्हिएतनामची पोरं दिसतात. म्हणजे खाणारा देकासेगीच होता, आता वाढणाराही देकासेगी झाला.

आपल्या मुंबईचं काय वेगळं होतं? १९२१ च्या सुमारास मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेही बायका नव्हत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि पाळी सुटेल तेव्हा खानावळीत जेवायचे. फरक एवढाच, की एदोला कावड पुरुषाच्या खांद्यावर होती, आणि गिरणगावात पोळपाट बाईच्या पुढ्यात. संपाच्या काळातही या बायका उधारीवर जेवू घालत आणि स्वतः सावकाराच्या तावडीत सापडत. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरण्यांचे भोंगे वर्गात शिकवताना मी या खानावळींचं नाव कधी घेतलं नाही, कारण पुस्तकात ते नव्हतं.

आणि आता आपलं गाव. दसरा-दिवाळी झाली की ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल दोघांच्या नावावर. रात्री गाडी आली तर रात्री भरायची. पहाटे तीनला बाई उठते, पाचटाच्या कोपीबाहेर चूल पेटवून भाकरी थापते आणि मग फडात नवऱ्याइतकाच ऊस तोडते. तिच्या दारात कुठली कावड येत नाही. "गोचिसोसामा" म्हणायलाही कोणी नसतं.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक मुलगा एप्रिलमध्ये कारखान्यावरून परत आला आणि माझ्या तासाला झोपायला लागला. मी त्याला बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रागावून विचारलं, तर म्हणाला, "गुर्जी, रातच्याला गाडी भराया उठायची सवय लागलीय. आता रातीला झोपच येत न्हाई." मी विचारलं, "मग रात्री जेवायचास काय?" म्हणाला, "सकाळचीच भाकर." मी त्याला खाली बसायला सांगितलं. पण दोन दिवस उभं केलं ते केलंच. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सहा महिने मीच लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं होतं. पुढे अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, गावात राहून दोन वेळचं जेवण मिळायला लागलं, ते चांगलंच झालं. त्या मुलाच्या वेळी ती नव्हती.

टोकियोच्या त्या गाळ्यात उभं राहून मला तो मुलगा आठवला. माझा मुलगा विमानाने गेला आणि तो ट्रकने, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोघांच्या घरी एक झाकलेलं ताट होतं, एवढं मात्र खरं. शहरात रात्री कंदील लागतो तो कुठल्या तरी गावात चूल विझल्यावर, असं मला तिथे वाटलं. इतिहासाच्या पुस्तकात शोगुन येतात, आगी येतात, लढाया येतात. रात्री बाराला त्या सगळ्यांना जेवू कोणी घातलं, हे आम्ही मास्तरांनी विचारायला हवं होतं.

परत यायच्या आदल्या रात्री सौ. स्वतः म्हणाली, "चला, मला बी दाखवा ते उभ्याचं हॉटेल." तिने काही खाल्लं नाही. निघताना त्या म्हाताऱ्या आचाऱ्याला तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो गोंधळला, मग कमरेत वाकला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपल्या पोराला रोज जेवाया घालतोय तो."

असो. मुंबई-पुण्यात, परदेशात, नाहीतर कारखान्यावर, तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी रात्री परक्याच्या हातचं खाल्लं असेल, त्यांनी त्या हाताची आठवण जरूर कळवा. नाव माहीत नसलं तरी चालेल. माझ्या मुलालाही त्या आचाऱ्याचं नाव माहीत नाही.