सायकल-ट्रेलर: भार, जोड आणि निगा

ट्रेलर लावल्याने ओझे कमी होत नाही, ते फक्त सायकलवरून उतरून मागे जाते. सामानासकट ३० किलोचा ट्रेलर सहा टक्के चढावर ताशी ८ किमी वेगाने ओढायला निव्वळ त्याच्यापायी सुमारे ४० वॅट जास्त लागतात. मग फायदा काय? मागच्या चाकाच्या स्पोकांवरचा ताण घटतो आणि मुक्कामी ट्रेलर सोडला की सायकल मोकळी.

एकचाकी ट्रेलर (उदा. बॉब याक) मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी जोडतात. तो सायकलबरोबर कलतो, तिच्याच मागावरून चालतो; म्हणूनच अमेरिकेतल्या ग्रेट डिव्हाइडसारख्या कच्च्या वाटांवर तो रुळला. याकची मर्यादा सुमारे ३२ किलो. बर्ली नोमॅडसारखा दोनचाकी ४५ किलोपर्यंत नेतो आणि सोडला तरी उभा राहतो. पण त्याची चाके सायकलच्या मागाच्या दोन्ही अंगांनी धावतात. सायकलने खड्डा शिताफीने चुकवावा आणि ट्रेलरच्या चाकाने नेमका तोच गाठावा, हा अनुभव आपल्या रस्त्यांवर दुर्मीळ नाही.

दोनचाकीत भाराचा मध्य ट्रेलरच्या ॲक्सलच्या किंचित पुढे हवा. तो मागे सरकला तर दांडा सायकलला वर उचलू पाहतो आणि उतारावर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. एकचाकीत जड वस्तू तळाशी आणि डावे-उजवे वजन सारखे ठेवावे. घाट उतरताना वळणाआधीच, सायकल सरळ असताना, वेग कमी करावा. ऐन वळणात ब्रेक दाबला तर मागचे ओझे सायकलला बाजूला ढकलते.

निगेत सर्वाधिक लक्ष छोट्या चाकाकडे हवे. १६ इंची चाक सायकलच्या मोठ्या चाकाच्या सुमारे पावणेदोन पट फेरे मारते. टायर आणि बेअरिंग त्या मानाने लवकर झिजतात. त्यातच तळाशी असल्याने चिखलपाणी आधी तिथेच पोचते. पावसाळी प्रवासानंतर हब उघडून ग्रीस बदलावे. जोडाच्या सांध्यातली ढिलाई हाताने हलवून पाहावी: ती वाढली की डोलणेही वाढते. वेल्डजवळ बारीक चीर दिसली तर पुढे जाऊ नये. पोलादी सांगाडा असेल तर तालुक्याच्या गावचा वेल्डर तो सांधतो. ॲल्युमिनियमचे काम सगळ्यांना जमत नाही.

१६ इंची ट्यूब वेगळी बाळगावीच लागते. पोलंडच्या एक्स्ट्राव्हीलने ही कटकट टाळली: ट्रेलरला सायकलच्याच मापाचे चाक, म्हणजे एकच ट्यूब दोन्हीकडे चालते.